शेवटची चार पानं

नसीम शेखने लाल पेन टेबलावर आपटलं, तेव्हा शेजारी पुस्तकं शिवत बसलेला बाइंडर दचकला.

"काय झालं ताई?"

"गोष्ट खोटी आहे."

"गोष्ट खोटीच असते की!"

"तसं नाही. हिचा शेवट खोटा आहे. कुणीतरी मागून चिकटवलाय."

बुधवारची सकाळ होती. जुन्या नाशकातल्या त्या छापखान्यात नसीम एकतीस वर्षं मुद्रितं तपासत होती. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि पुस्तकात स्वतःचं नाव कुठेही नाही, असं हे काम. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण फसवं वाक्य दिसलं की तिचं डोकं फिरायचं, आणि आज तर ते पार फिरलं होतं.

समोर होतं गोदाकाठ रहस्यकथा मंडळाचं पुस्तक. मंडळाने उत्तर महाराष्ट्रातल्या नव्या लेखकांसाठी रहस्यकथा स्पर्धा घेतली होती. रविवारी बक्षीस समारंभ आणि त्याच दिवशी विजेत्या कथांच्या पुस्तकाचं प्रकाशन. पहिलं बक्षीस 'हातमोजे' या कथेला. लेखक मयूर गांगुर्डे, वय चोवीस, राहणार गंगापूर रोड.

कथा अशी होती. डोंगरातला सोमा नावाचा मजूर ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत पेस्ट लावायला जातो. काडीवरचे डोळे एकदम फुटावेत म्हणून लावायचं ते औषध. संध्याकाळी सोमा बांधावर मेलेला सापडतो. एक आरोग्यसेविका शोध घेते. पेस्ट उघड्या हातांनी लावली होती, सोमाचे तळवे सोलवटले होते. काम उरकलं म्हणून मुकादमाने सगळ्यांना दारू पाजली होती. मरताना सोमाचं तोंड पळसाच्या फुलासारखं लाल झालं होतं. आणि शेडमध्ये हातमोज्यांचं पुडकं न फोडता खुंटीला टांगलेलं होतं.

पान अकरावर ती आरोग्यसेविका सोमाचे पाय बोट न् बोट तपासते आणि म्हणते, कुठेही दंशाची खूण नाही.

पान एकोणीसवर तीच बाई म्हणते, सोमाला साप चावला. संपली गोष्ट! तळवे, दारू, लाल तोंड, कशाचाही उलगडा नाही. नाव 'हातमोजे', आणि शेवटी हातमोज्यांचा पत्ता नाही.

नसीमला आणखी दोन गोष्टी खटकल्या. कथेत बागेचे मालक पाटील होते. पान चौदावर एकाच ओळीत ते अचानक 'मास्तर' झाले होते. आणि शेवटच्या चार पानांत तिला एकवीस अनुस्वार खोडावे लागले. कांहीं, नाहीं, त्यामुळें, असें. साठ वर्षांपूर्वी नियमातून गेलेली ती टिंबं. आधीच्या पंधरा पानांत असं एकही टिंब नव्हतं.

दुपारी मयूर स्वतःचं मुद्रित पाहायला आला. नवा शर्ट, खिशात दोन पेनं.

"बसा," नसीम म्हणाली. "एक शंका आहे. पान तीन. 'सोमाने उन्हाळ्यात राब भाजला तेव्हाच मुकादम उचल देऊन गेला.' राब म्हणजे काय?"

"कष्ट, मॅडम. राबणं, त्यावरून."

"कष्ट भाजतात?"

"ती... प्रतिमा आहे."

नसीमचं आजोळ डोंगरातल्या पेठ तालुक्यातलं. भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात त्याला राब म्हणतात, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिने राग गिळला.

"बरं. आणि शेवट असा का केलात?"

"धक्कातंत्र."

"कथा स्पर्धेला कशी पाठवलीत?"

"हातोहात दिली. मंडळाचे कार्यवाह प्रफुल्ल निरगुडे माझे सख्खे मामा आहेत. त्यांच्याच टेबलावर ठेवली." तो घाईने पुढे म्हणाला, "पण मामांनी काही मदत केलेली नाही हं. परीक्षकांना नावं कळतच नाहीत."

"मी कुठे म्हटलं मदत केली?"

मयूरच्या कपाळावर घाम आला. मुद्रितावर सही ठोकून तो न वाचताच गेला.

परीक्षक होत्या जळगावच्या आशा वरणगावकर. नसीमने त्यांना फोन लावला.

"साप?" पलीकडून आवाज चढला. "कुठला साप? त्या कथेत साप नव्हताच!"

"मग शेवट काय होता?"

"पेस्टने मरतो तो माणूस. ते औषध अंगात भिनलेलं असताना दारू पोटात गेली की माणूस लालबुंद होतो, धाप लागते, वेळेवर दवाखाना मिळाला नाही तर जातो. मालकाला हे माहीत असतं. मोजे आणून ठेवलेले असतात, पण मोजे घातले की काम हळू होतं म्हणून वाटलेले नसतात. आणि सोमा लगेच मेलेला नसतो, नसीमताई. चार तास तडफडतो. पोलिसांचं लफडं नको म्हणून त्याला दवाखान्यात नेत नाहीत, बांधावर टाकतात आणि साप चावल्याची आवई उठवतात. ते वाचून मी रात्रभर झोपले नाही. म्हणून पहिला नंबर दिला!"

"लेखकाचं नाव माहीत होतं?"

"छे. क्रमांक सदतीस, एवढंच. निकाल मी कार्यकारिणीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. कथेचं नाव आणि क्रमांक, दोन्ही. हस्तलिखितं कुरिअरने मंडळाला परत केली."

म्हणजे कथा जळगावला गेली तेव्हा शाबूत होती आणि परत आल्यावर तिचा गळा दाबला गेला.

त्याच संध्याकाळी नसीम मंडळाच्या अध्यक्षांकडे गेली. यादवराव कोशिरे, निवृत्त मुख्याध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर. तेरा वर्षांच्या नसीमची शाळा सुटणार होती, तेव्हा हेच सर तिच्या अब्बांना समजवायला घरी आले होते. ती शिकली ती त्यांच्यामुळे. आजही त्यांच्यासमोर ती खुर्चीच्या कडेवरच बसायची.

सरांनी द्राक्षांची बशी पुढे सरकवली. "घे, मळ्यातली आहेत. बोल."

तिने सगळं सांगितलं. सरांनी डोळे मिटून ऐकून घेतलं.

"प्रफुल्लने भाच्यासाठी घोटाळा केला असेल तर फार वाईट," ते म्हणाले.

"नावांच्या चिठ्ठ्या कुणाकडे असतात, सर?"

"पेटी ऑफिसात. प्रफुल्लच्याच ताब्यात. तू उद्या जाऊन सगळे कागद पाहा. तो अडवेल, तापट आहे. थांब, चिठ्ठी देतो."

त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या. नसीमने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. सर दारापर्यंत पोचवायला आले.

गुरुवारी सकाळी मंडळाच्या ऑफिसात प्रफुल्ल निरगुडे खरंच भडकला.

"माझ्यावर संशय? अहो, मयूरने पाठवलेली कथा मी वाचलीसुद्धा नाही! पहिला आला तेव्हा मलाच आश्चर्य वाटलं. ज्या पोराला दुकानाची पाटी धड लिहिता येत नाही..."

"मग नोंदवही दाखवा."

"आधी अध्यक्षांना विचारा."

"विचारलंय." तिने चिठ्ठी त्याच्यासमोर उलगडली. आणि तिचा हात तसाच थांबला. काल तिने ती वाचली नव्हती.

'चि. प्रफुल्ल, नसीमला कागद पाहूं द्यावेत. कांहीं आडकाठी करूं नये. त्यामुळें मंडळाची अब्रूच राहील.'

हीच टिंबं ती सरांच्या प्रस्तावनांतून वर्षानुवर्षं खोडत आली होती, तरी काल सरांचं नाव तिच्या मनातही आलं नव्हतं. तिने चिठ्ठीची काळजीपूर्वक परत घडी केली.

"नोंदवही," ती हळू आवाजात म्हणाली.

प्रफुल्लने आवक वही टाकली. नसीमचं बोट सदतीसवर थांबलं. 'हातमोजे. स्पीड पोस्ट. हरसूल.' मग खाली, बावन्नवर. 'काळी सावली. हस्ते, मयूर.'

"तुमच्या भाच्याची कथा बावन्न नंबरची होती, भाऊ. नाव 'काळी सावली'."

प्रफुल्लने वही ओढून घेतली. दोनदा वाचली. त्याचा चेहरा उतरला.

"नावांची पेटी तुमच्याकडे होती ना?"

"माझ्याकडे? छे! पेटी सरांच्या घरी. किल्लीसकट. ही बघा, वहीच्या शेवटच्या पानावर त्यांची पोच. जळगावहून आलेलं पार्सलही मी फोडलं नाही. तसंच सरांकडे पोचतं केलं, त्याचीही सही आहे. टाइप करून घेतलेल्या पुस्तकाचा पेनड्राइव्हही थेट त्यांच्याकडूनच छापखान्यात गेला."

दुपारच्या एसटीने नसीम हरसूलला गेली. पोस्टातल्या माणसाला ते पाकीट चांगलंच आठवत होतं.

"हाताने लिहिलेले एवढे कागद हल्ली कोण पाठवतंय? झिपरू बेंडकोळीची सविता. नाशकाला अंबडला कामाला हाय ती, नट-बोल्टच्या कंपनीत."

शुक्रवारी पहिली पाळी सुटायच्या वेळी नसीम अंबडच्या त्या कारखान्याच्या फाटकावर उभी राहिली. सविता सडपातळ, पंचविशीची, ओढणीत डबा गुंडाळलेला. ओळख सांगताच तिने मान हलवली.

"माझी गोष्ट बाद झाली, ताई. पत्र आलंय."

पत्र तिच्या पिशवीतच होतं. मंडळाचा शिक्का, सही नाही. 'आपली कथा कांहीं तांत्रिक कारणांमुळें विचारांत घेतां आली नाहीं.'

"बाद नाही झाली," नसीम म्हणाली. "पहिली आली. दुसऱ्याच्या नावावर."

पाळी सुटलेल्या बाया त्यांना वळसा घालून जात होत्या. सविताने एवढंच विचारलं, "शेवट काय छापलाय?"

"साप."

ती मटकन खाली बसली. फाटकाच्या कडेला, धुळीत.

"सोमा कोण, सविता?"

"माझा बा. दोन वर्सं झाली. पिकअपमध्ये घालून आणला, म्हणाले साप चावला. घाई केली, जाळायला लावला. मी पाय धुतले ना त्याचे. खूण नव्हती. हाताची सालटी निघालेली. मग बयाबाई भेटली, ती त्याच टोळीत होती. तिने सांगितलं, अंधार पडेस्तवर जिता होता, पाणी मागत होता. मी पोलिसात गेले. म्हणाले, कागद कुठेय? डॉक्टरचा दाखला कुठेय? मग म्हटलं, कागदच लिहिते."

"मळा कुणाचा होता?"

"दिंडोरीकडे. नाव नाय ठाऊक. सगळे मास्तरांचा मळा म्हणायचे."

नसीमने तिला हाताला धरून उठवलं. "कच्चं लिखाण आहे?"

"दोन वह्या हायेत."

"दोन्ही घे. उद्या अकरा वाजता मंडळाच्या ऑफिसात ये. बयाबाईलाही आण."

शनिवारी अकराला ऑफिसात लांब टेबलाभोवती सगळे बसले. अध्यक्षांच्या खुर्चीत यादवराव. एका बाजूला प्रफुल्ल आणि मयूर. दाराजवळ सविता आणि म्हातारी बयाबाई. आशाताई जळगावहून पहाटेच निघून आल्या होत्या. नसीम या वेळी खुर्चीच्या कडेवर बसली नाही. उभीच राहिली.

"सदतीस नंबरची कथा या मुलीची आहे," ती म्हणाली. "वह्या समोर आहेत, पोस्टाची नोंद आहे. प्रश्न दोनच. चोरी कुणी केली? आणि चोरच होता तर शेवट का बदलला? बक्षिसासाठी चोरी करणारा चांगला शेवट बिघडवत नाही. म्हणजे त्याला बक्षीस नको होतं. त्याला शेवट नको होता."

"मुद्द्यावर ये," यादवराव म्हणाले.

"येते, सर. कथा परत आली तेव्हा ती नुसती फाडून टाकता आली नाही, कारण आशाताईंनी नंबर आणि नाव सगळ्यांना कळवून टाकलं होतं. सदतीस नंबरला पहिलं बक्षीस द्यावंच लागणार. मग उरली दोन कामं. लेखक बदलायचा आणि शेवट बदलायचा. लेखक असा निवडला की उघड झालं तर बोट प्रफुल्लभाऊंकडे जावं. मयूर, तुला काय सांगितलं होतं?"

मयूरने मामाकडे पाहिलं. प्रफुल्लच्या मुठी आवळल्या होत्या. "बोल की, गाढवा!"

"सर म्हणाले, लेखिकेला नाव द्यायचं नाही. सरकारी नोकरीत आहे, अडचण होईल. कथा वाया जायला नको, तू तुझं नाव दे, तुझ्यात गुण आहेत. मला... मला खरं वाटलं."

"खरं वाटलं की गोड वाटलं?" नसीम कडाडली. "राब म्हणजे काय ते न कळणाऱ्या माणसाला डोंगरातली गोष्ट स्वतःची वाटते?"

मयूरने मान खाली घातली.

"पोराचा शब्द," यादवराव शांतपणे म्हणाले. "पुरावा?"

नसीमने तीन कागद टेबलावर मांडले. "शेवटच्या चार पानांतले एकवीस अनुस्वार. सविताला आलेलं नकाराचं पत्र. आणि तुमच्या हातची बुधवारची चिठ्ठी. कांहीं, त्यामुळें, नाहीं. मयूर चोवीस वर्षांचा, प्रफुल्लभाऊ पंचेचाळिशीचे. त्यांना ही टिंबं कुणी शिकवलेलीच नाहीत. मंडळात असं लिहिणारा एकच माणूस आहे. तुमच्या प्रत्येक प्रस्तावनेतली टिंबं एकतीस वर्षं मीच काढतेय, सर. पेटी प्रफुल्लकडे असल्याचं तुम्ही सांगितलंत. पोच पाहा, सही तुमची. पार्सलवरही तुमचीच. आणि कथेतल्या मास्तरांचे तुम्ही पाटील केलेत, पण पान चौदावर एक मास्तर निसटला."



बयाबाई उठली. यादवरावांजवळ गेली आणि वाकून त्यांचा चेहरा निरखू लागली.

"हाच," ती म्हणाली. "हाच म्हणला, दवाखान्यात नाय नेयचा. गाडी होती दारात. मी पाय धरले याचे. हा म्हणला, बाई, तू उद्याचं काम बघ."

यादवराव खुर्चीत ताठ झाले. "बागेत शंभर माणसं येतात. तो दारू प्यायला, त्याला मी काय करणार? आणि त्या कथेची भाषा तरी बघितलीत? हिज्जे अशुद्ध, वाक्यं तोडलेली. मी ती सुधारली. नाहीतर छापण्याजोगी होती का?"

नसीमचं डोकं फिरलं. अब्बांना समजवायला आलेला तो माणूस हाच, हे तिच्या मनातून जाईना, आणि म्हणूनच तिचा आवाज फाटला.

"भाषा सुधारलीत? तुम्ही एका माणसाला बांधावर मरायला टाकलंत, आणि त्याच्या पोरीने ते लिहिलं तर तिची वाक्यं सुधारलीत! तुम्हाला ठाऊक होतं सर, ती पुस्तक विकत घेणार नाही. घेतलं तरी तिचं कोण ऐकणार? हाच हिशेब केलात ना? मी पण तुमच्याच शाळेतली. मला सगळं शिकवलंत, फक्त तुम्ही कोण आहात ते नाही शिकवलंत."

प्रफुल्ल उठला. त्याने अध्यक्षांच्या हातातली समारंभाची कार्यक्रमपत्रिका काढून घेतली. "उद्याचा समारंभ रद्द," तो म्हणाला. "पुस्तक मात्र छापायचं. कार्यवाह म्हणून मी सांगतो. सदतीस नंबर, सविता बेंडकोळी, शेवट तिच्या वहीतला. ताई, बदलाल?"

"पान एकोणीसपर्यंत थांबणार नाही," नसीम म्हणाली. "वहीतल्या शेवटासकट पूर्ण तेवीस पानं लावते."

यादवराव काठी शोधत होते. कुणीही ती उचलून दिली नाही.

दुपारी सगळे पोलीस ठाण्यात गेले. निरीक्षक तरुण होता. त्याने बयाबाईचा जबाब घेतला, वह्या चाळल्या, पत्र आणि चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, मयताच्या बायकोचाही जबाब लागेल.

सविताचा चेहरा पांढरा पडला. आईला, भागीबाईला, तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. माणूस चार तास पाणी मागत होता हे आईला सांगायचं कसं, म्हणून तिने ते कागदाला सांगितलं होतं.

संध्याकाळी भागीबाई आली. ठाण्याच्या बाकावर सविताने तिचे दोन्ही हात धरले आणि हळूहळू, वहीत लिहिलं होतं त्याच क्रमाने, सगळं सांगितलं. नसीम भिंतीला टेकून उभी होती. भागीबाई रडली नाही. तिने ऐकलं, पदर खोचला आणि सरळ निरीक्षकाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"दोन वर्सं मी त्या जनावराला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "नागपंचमीला वारुळाकडं ढुंकून नाय बघितलं. मुक्या जनावराला! लिवा साहेब. माझ्या नवऱ्याला साप नाय चावला. कोण चावला, त्याचं पुरं नाव लिवा."